नदी उघडली, दादा

मंगळवार, ६ मे

ती. दादा,

नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनी सांगत होती, फिरायला म्हणून निघतोस आणि कोपऱ्यावरच्या बाकावर बसून परत येतोस. आम्ही इकडे मजेत.

बातमी अशी की रविवारी नदी उघडली. सात वर्षांनी होड्या सुटल्या. धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. आम्हीही एक होडी घेतली. ह्यांनी मोठ्या ऐटीत वल्ही हातात घेतली आणि पंधरा मिनिटं आम्ही जागच्या जागी गोल फिरलो. काठावरून एक आजोबा म्हणाले, "अहो, नदी पुढेपण आहे." हसून हसून मला उचकी लागली.

पाणी अजून हिरवट आहे, पण वास गेलाय. वरचा नाला आता सरळ नदीत पडत नाही, आधी शुद्धीकरणाला जातो. पुलाखाली पाणकावळे आलेत. पोहायला मात्र बंदीच. मी अजून दर सोमवारी सहा बाटल्या भरून प्रयोगशाळेत नेते, आणि जंतूंचा आकडा हवा तितका खाली आलेला नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. होड्या सुटायच्या आधी भाषणं झाली. आमच्या साहेबांनी मला पुढे बोलावलं आणि माइकवर म्हणाले, "नदी बंद करा, असा अहवाल सात वर्षांपूर्वी ह्याच बाईंनी दिला होता." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुझ्या होड्यांवरचा जुना नावाडी समोरच उभा होता. तो तुला कळवायच्या आधी तू हे माझ्याकडून ऐकावंस.

तो अहवाल माझा, दादा. खालची सही माझी.

होड्या बंद झाल्या त्या आठवड्यात तू आमच्याकडे जेवायला आला होतास. म्हणालास, "ज्याने सही केली त्याने जन्मात वल्हं धरलं नसणार." मी तुला आणखी वाढू का विचारलं. वल्हं धरायला मला तूच शिकवलं होतंस.

आणखी एक. तेव्हा पोटं बिघडून नऊ मुलं दवाखान्यात होती, आठवतं? ती तुझ्याच होड्यांतून फिरून आलेली शाळेची मुलं. पाण्यात हात घालून बसली असतील, मुलंच ती. सगळी बरी झाली. पण तू मुलांना किती जपायचास ते मला ठाऊक होतं, म्हणून तुला कळू दिलं नाही. म्हणजे मी स्वतःला असं सांगत आले. खरं तर तुझ्यासमोर उभं राहायची हिंमत नव्हती. तू होड्या विकल्यास, मुलाकडे राहायला गेलास, आणि मी स्टेशनवर तुला हात हलवून निरोप दिला.

सही चुकली असं आजही म्हणणार नाही. गप्प बसले ते चुकलं.

धक्क्यावरच्या नव्या पोरांना होडी वळवता येत नाही. रविवारीच दोन होड्या आपटल्या. नावाडी विचारत होता, "दादा येतील का शिकवायला?" मी म्हटलं, विचारून बघते.

वरची खोली झाडून ठेवलीये. फोन करू नकोस, मला बोलायला सुचणार नाही. वहिनीला घे आणि सरळ गाडीत बस. रागावून आलास तरी चालेल.

तुझीच,
धाकटी