बाबाच्या गाण्यांसाठी जागा

१९ फेब्रुवारी २०२३, रविवार

जागा संपली! आजच संपायची होती. दोन वर्षांनी बाबा गायले बसले अन् माह्या खटाऱ्या लॅपटॉपनं मधातच मान टाकली.

देवाजी काका कोरोनात गेले तेव्हापासून बाबाच्या तोंडून एक ओळ निघाली नव्हती. काका ढोलकीवर, बाबा पेटीवर. दोघांची गायन पार्टी. जयंतीले, लग्नाले, विहाराच्या उद्घाटनाले, जिथं बोलावलं तिथं सायकलवर पेटी बांधून जात. काका गेले अन् बाबानं पेटी चादरीत गुंडाळून पलंगाखाली सरकवून देली. गाणे सारे बाबानं स्वतः जुळवलेले. कागदावर एक नाही, सारे डोक्यात. काकाले येत होते, ते गेले. आता फक्त बाबाले येतात अन् बाबाचे समोरचे दात हलून राहिले. म्हणून मी किती दिवसाची मागं लागली होती. आज सकाळी पोहे खाल्ले अन् स्वतःहून म्हणे, "लाव तुहा माइक."

तीन गाणे झाले. चौथं विहिरीचं. आमच्या मोहल्ल्याची विहीर बांधली तेव्हा बाबानं जुळवलेलं. मधात थांबवलं तं उठून जातील या भीतीनं मी सारं सलग, एकाच फाइलीत घेत होती. बाबा डोळे मिटून गात होते, आवाज वर चढवला, अन् स्क्रीनवर चौकट. डिस्क फुल. बंद. आता ती फाइलच उघडत नाही. चारही गेले.

मी म्हटलं, "बाबा थांबा, पुन्हा घ्यावं लागन."

बाबानं डोळे उघडले. "गाणं काय भिंत आहे? वाकडी झाली, पाडली, पुन्हा बांधली?" मिस्तरी माणूस. सदरा घातला अन् वरठी स्टेशनाकडं चालले गेले. चहा तसाच राहिला.

राग कोणावर काढू? या डबड्यावर. अन् माह्यावर.

२० फेब्रुवारी

बाबा बोलत नाहीत. मीही नाही बोलत. आई म्हणते, "दोघंही एकाच मातीचे."

२६ फेब्रुवारी, रविवार

ठरलं. नवा लॅपटॉप. जागा आतमधीच पाहिजे, अन् भरपूर.

माह्या भावाले, अंकुशले सांगितलं तं त्याले हसू आलं. "बाहेरची हार्ड डिस्क लाव ना, कायले येवढा खर्च?" अरे बाबा, लावून पाहिली ना! मागच्या दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेले नाचाचे गाणे बनवत होती, वायर जरा हलली अन् डिस्कच दिसेनाशी झाली. मोहाडीच्या पोट्ट्यांचा स्टेजवर जायचा टाइम अन् माह्याकडं अर्धं गाणं. वायर म्हणजे भरोसा नाही. अन् बाबाच्या गाण्यावर मी भरोसा नसलेली वस्तू लावणार नाही. एकदा झालं तेवढं पुरे.

मग म्हणे, "जुनं मिटव." काय मिटवू? ढोलकीचे आवाज, ऑर्गनचे आवाज, हेच तं माहे अवजार. बाबाले कोणी म्हणते का, थापी-ओळंबा फेकून द्या, घरात जागा होईन? अन् लोकांचे गाणे मिटवले की सहा महिन्यांनी फोन येतेच — "ताई, ते लग्नाचं गाणं जरा लांब करून द्या ना." तेव्हा अंकुश येते का करून द्यायले?

"मग ऑनलाइन ठेव." वरठीत! जिथं वारं सुटलं की लाइन जाते अन् लाइन गेली की नेट जाते. बोलणंच सोडून देलं मी.

४ मार्च, शनिवार

तुमसरले गेलो, कमलेशच्या दुकानात. अंकुशच्या ओळखीचा आहे म्हणून. इथून पुढं मले त्याच्या ओळखीच्या कोणाकडं नेऊ नये त्यानं.

मी विचारते, तो अंकुशकडं पाहून सांगते! "ताईले कशासाठी पाहिजे? ऑफिसचं काम?" म्हटलं, गाणे रेकॉर्ड करते, मिक्स करते. "हो हो, गाणे आयकाले कोणताही चालते." म्हटलं भाऊ, आयकाले नाही, बनवाले. तरी त्याचं आपलं अंकुशलेच — "भाऊ, हा घेऊन जा, कीबोर्डले लाइट आहे, लाल-हिरवा." लाइट! मले काय त्या लाइटीत धानाचं रोवणं रोवाचं आहे? आत जागा किती, तं अर्धा टीबी. म्हटलं दोन टीबीचा दाखवा.

"दोन टीबी? ताई, येवढं काय भरता? धान ठेवाचा आहे का?"

दुकानातले सारे हसले. अंकुशही हसला. तो हसला हे मले जास्त लागलं. दुकानातले लोक मले ओळखत नाहीत, हा तं माहा भाऊ आहे. मी तिथंच समजावून सांगितलं — एका गाण्याचे वीस-पंचवीस ट्रॅक असतात. ढोलकी वेगळी, पेटी वेगळी, गळा वेगळा, कोरस वेगळा. मोबाईलवर आयकता ते चटणीयेवढं, आमचं कच्चं सामान पोतंभर. कमलेश म्हणे, "हो का," अन् चहा मागवला. माह्यासाठी नाही, अंकुशसाठी.

५ मार्च

अंकुश म्हणते, "तू दुकानात भांडतेस." भांडली नाही. सांगत होती. बाईमाणसानं दोनदा सांगितलं की भांडण होते.

१२ मार्च, रविवार

आज पुन्हा गेली, एकटी. भंडाऱ्यातही दोन दुकानं पाहून आली, त्यांच्याकडं तं काहीच नव्हतं. शेवटी कमलेशकडंच. काय पाहिजे ते कागदावर लिहून नेलं नाही, तोंडपाठ केलं. आत दोन टीबीचा एसएसडी, दुसरी डिस्क बसवायले रिकामी जागा, सोळा जीबी रॅम, अन् पंखा शांत.

पंख्याचं कोणीच समजून घेत नाही. गेम खेळायचे लॅपटॉप ताकदीचे असतात, पण तापले की पंखा असा घोंघावते का विचारू नका. मी एकाच खोलीत माइक लावते, तो घोंघाट सारा गाण्यात येणार. म्हणून मी दुकानात एकेक लॅपटॉप चालू करून त्याले कान लावून बसली. गिऱ्हाईक पाहत राहिले. एक बाई तं म्हणे, "काय बोलते का तो?" बोलू द्या.

चौथा बरा निघाला. पत्र्याचं अंग, दिसायले साधा, लाइटबिट नाही. एसएसडी मोठा टाकून मिळन म्हणे, मागवावा लागन. मी म्हटलं मागवा. कमलेशनं यावेळी मले चहा देला. तरी माहा राग गेला नाही, सांगून ठेवते.

घरी आली तं बाबा ओसरीत बसले होते. तीन हप्त्यांनी पहिल्यांदा स्वतःहून बोलले. "केवढा आहे?"

म्हटलं, "तुमी जन्मभर गायले तरी भरत नाही."

बाबा "हं" म्हणाले अन् बिडी विझवली. बस, येवढंच. मी विचारणार होती, मग गाणार ना? पण नाही विचारलं. विचारलं की नाहीच म्हणतात. असा अडेल माणूस दुनियेत नाही!

२४ मार्च, शुक्रवार

कमलेशचा फोन, लॅपटॉप आला म्हणून. उद्या मोहाडीले शाळेच्या पोरींच्या नाचाचं काम आहे, मले जाता येत नाही. बाबा म्हणे, "मी अन् अंकुश आणतो." मले आवडलं नाही. पहिल्यांदा हात माहा लागाले पाहिजे होता. पण बाबा स्वतःहून म्हणाले म्हणून गप्प बसली.

२५ मार्च, शनिवार

मले इतका राग आजपर्यंत आला नसन.

मोहाडीवरून आली, हात धुतले, लॅपटॉप उघडला. जागा पाहते तं लाल पट्टी. भरलेला! नवाकोरा, खोक्यातून काढलेला, अन् ठासून भरलेला! सिनेमे. डीजेचे गाणे. कॉमेडीचे व्हिडिओ. भोजपुरी, साऊथचे, काय-काय. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर. अन् वरतून फुकटाचे सॉफ्टवेअर, व्हायरस घेऊन आलेले.

कमलेशले फोन लावला. जे तोंडात आलं ते बोलली. तो म्हणे, "ताई, माहं काय चुकलं? तुमच्या बाबांनीच म्हटलं, रिकामा नेत नाही. भरून दे म्हणे. मी तं दिवसभर बसून प्रेमानं भरलं."

रिकामा नेत नाही! आता समजलं. आमच्या घरात नवी वस्तू रिकामी आणत नाहीत. तांदळाची कोठी आणली तेव्हा दुकानातच मूठभर तांदूळ टाकून मग उचलली. माह्या मावसबहिणीले लग्नात पाण्याचा पितळी गुंड देला, त्यातही आधी धान. मी लहानपणी विचारलं होतं, बाबा, आपण बौद्ध, आपण हे कायले पाळतो? तं म्हणे, "हे देवाचं नाही, घराचं आहे. रिकामं भांडं घरात आणणं बरं दिसत नाही." भांड्याचं ठीक आहे. पण लॅपटॉप! जागेसाठी मी महिनाभर लोकांचं हसणं आयकलं, अन् बाबानं ती जागाच भरून आणली. कोणाच्या फालतू सिनेमानं!

बाबा घरी नाहीत. लॅपटॉप ठेवून संध्याकाळीच मोहाडीकडं स्लॅबच्या कामाले गेले, हप्ताभर तिथंच राहणार. असते तं काय बोलून बसली असती कोणास ठाऊक.

एकेक पाहत बसायची माही इच्छा नाही. अन् व्हायरसवाल्या मशीनवर मी काम करत नाही. सारं फॉरमॅट मारलं. पाटी कोरी. विंडोज नव्यानं टाकून राहिली.

२६ मार्च

आज पहिल्यांदा पूर्ण रिकामी जागा पाहिली. निळी पट्टी जराशीच, बाकी सारी पांढरी. पाहतच राहावं वाटलं. ढोलकीचे आवाज टाकले, माइक तपासला, पंख्याचा आवाज येत नाही. निवड माहीच बरोबर होती. आता फक्त गाणारा पाहिजे.

२८ मार्च

बाबाचा फोन आला. "लॅपटॉप चालू केला का?" म्हटलं, केला. "सारं पाह्यलं का त्यातलं?" माहा राग पुन्हा वर आला. म्हटलं, "काम आहे मले बाबा, मग बोलते," अन् फोन ठेवला.

१ एप्रिल, शनिवार

अंकुश संध्याकाळी चहाले आला. सहजच म्हणे, "सापडलं का मग?"

काय?

"बाबाचे गाणे. बाबानं स्वतःच्या मोबाईलवर गाऊन भरले. काम चालते ना, त्या अर्ध्या बांधलेल्या घरात, जेवणाच्या सुट्टीत एकटेच बसून. चारही. त्या दिवशी तुह्याकडून गेले ना, तेच. विहिरीचंही आहे. कमलेशले म्हणे, आधी हे टाक, मग तुले काय भरायचं ते भर. अन् मले म्हणे, तिले सांगू नको, तिचं तिले सापडू दे."

मी उठून मोरीत गेली अन् नळ सोडून बसली.

मग कमलेशले फोन केला. गाण्यांची कॉपी ठेवली का, विचारलं. तो म्हणे, "ताई, मी कोणाचं काही माह्याकडं ठेवत नाही. मोबाईलवरून सरळ तुमच्यातच टाकलं." फॉरमॅट मारलेलं परत आणायचे सारे उपाय करून पाहिले. या जातीच्या डिस्कवरून निघत नाही. हे मले आधीपासून माहीत होतं, लोकांले मीच सांगते.

अंकुशले मी सांगितलं नाही. म्हटलं, हो, सापडलं.

बाबाच्या मोबाईलमध्ये असन. असलंच पाहिजे. उद्या येतात.

२ एप्रिल, रविवार

बाबा आले. पाणी देलं. म्हटलं, "तुमचा मोबाईल द्या ना जरा." पाहिला. गाणे नाहीत.

"मिटवले ते," बाबा म्हणाले. "मोबाईल भरला होता. तुह्याकडं टाकले ना, तिथं जागा गजब आहे." मग माह्याकडं न पाहता विचारलं, "आयकलं का?"

मी म्हटलं, "आयकलं बाबा."

"जमलं का? देवाजी नव्हता ताल धराले."

"जमलं."

बाबा पलंगाखाली वाकले, पेटी ओढून बाहेर काढली, चादर सोडली. "मग लाव माइक. ते चार झाले, ते आता पुन्हा गात नाही. बाकीचे घे."

मी माइक लावला.