डीनाची लेकरं

प्रिय गॅरेट दादा,

कालपासून कुठल्याच कामात जीव रमत नाहीये. सोमवारी लविनिया आली होती, आपलंच आडनाव लावणारी, आपल्या पूर्वजांच्या गुलामांच्या वंशातली, वारलेल्या वडिलांसाठी आपल्या घराण्याच्या दफनभूमीत जागा मागायला. तू तिला म्हणालास, "मालकाचं आडनाव लावलं म्हणून कुणी आपलं होत नाही, बाई." मी तिला दारापर्यंत सोडून आले.

दुसऱ्या दिवशी हॉलंडहून इथे हडसन नदीकाठी आलेल्या पूर्वजांची वंशावळ पुरी करायला किंग्स्टनच्या चर्चमध्ये गेले. बाप्तिस्म्यांच्या जुन्या वहीत १७३१ सालात सापडलं: यान व्हॅन वेस्ब्रुकची जुळी मुलं, पीटर आणि बेट. आई डीना, यानचीच गुलाम. आपण ह्याच पीटरचे वंशज.

त्या पानाची नक्कल घेऊन मी लविनियाकडे धावले. ती शांतपणे म्हणाली, "आणि आम्ही बेटचे. हेच पान मी मागच्या वर्षी तुझ्या दादाला दाखवलं होतं. बोलला नाही तो तुला?"

तेव्हापासून मी घरात येरझाऱ्या घालतेय. तुला जाब विचारायला फोन उचलते, खाली ठेवते.

शनिवारी आम्ही तिच्या वडिलांना आपल्या बाबांच्या शेजारी दफन करणार आहोत. दफनभूमीचं फाटक मीच उघडणार आहे. हे पत्र मिळालं तर तू आधी येऊन वाट अडवून उभा राहशील, म्हणून ते टपालात टाकत नाही.

तुझीच बहीण,
कॉर्नेलिया