दोन्ही पाय

तीर्थरूप नानाकाकांना,

साष्टांग नमस्कार घातला असता, पण आज गुडघे वाकायला तयार नाहीत.

मी वसईच्या व्हिन्सेंटशी लग्न ठरवलं, तेव्हा तुम्ही भरल्या घरात म्हणालात, "पोरीचा पाय घसरला." बाबा मान खाली घालून बसले होते, ते मला अजून दिसतं.

तर काका, आज खरंच घसरला. इथे कॅनडात, आमच्या कोक्विटलाम गावापासून जवळच एक डोंगर आहे, बर्फाने गच्च भरलेला. पायांत स्की बांधून वर उभी राहिले आणि व्हिन्सेंटची बाही धरून ठेवली. व्हिन्सेंट म्हणाला, "नको वाटत असेल तर लिफ्टने उतरू." तेवढ्यात पुढे गेलेली आमची ईशिता ओरडली, "आई, बेंड युअर नीज!" मी गुडघे वाकवले आणि जी सुटले, ती थेट पायथ्याला थांबले. तिथे ईशिताने जमलेल्या सगळ्यांना ओरडून सांगितलं, "दॅट्स माय मॉम!"

हे पत्र मी पाठवणार नाही. तुम्ही 'घसरली' एवढंच वाचाल आणि घरभर सांगत सुटाल. पुढचं वाचणारच नाही: दोन्ही पाय घसरले, काका, पण तोल गेला नाही.

तुमची पुतणी,
मृणाल व्हिन्सेंट लोपीस