गोपाळ मागच्या रांगेत

१२ जानेवारी, सोमवार
सगळ्यांची तोंडं पार धुऊन काढलीत! वीस वर्षांमागं ह्या खेळात माणसाचं तोंड म्हंजे चार ठिपके, तरी लोहार कोण, चोर कोण, कळायचं. आता लोहारबी लग्नाला निघाल्यावानी गोरा. नात भक्ती म्हणली, आज्जे, ह्याला रीमास्टर म्हणतात, जुनाच खेळ नवा करून आणलाय. म्हणलं, जुन्याला काय रोग झालता?
तरी तिच्या लॅपटॉपवर बसले. गोपाळसाठी न्हाई. माझं पोरगं पुण्याला हाय, आठ महिने माझा फोन उचलत न्हाई, त्याचा इथं संबंध न्हाई. चौदाचा असताना त्याचा पाय मोडला, तवा आमी मायलेक हा खेळ खेळलो. शेवटच्या राक्षसापाशी लाईट गेली. मग दहावी आली. कंप्युटर मीच पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकला. राक्षस तसाच राहिला. एवढंच.
ठरलं : संक्रांतीपर्यंत राक्षस खलास. फोटू गोपाळला. मग बगते कसा फोन करत न्हाई.

१३ जानेवारी
टोळीत चार जणं घेता येतात. मी दोनच घेतले. म्हातारी जादूवाली, तिला नाव दिलं पारू, म्हंजे मीच. दुसऱ्या गड्याला नाव दिलं गोपाळ. परक्याचा काय भरवसा. पारू पुढं, गोपाळ मागच्या रांगेत. मागं मार लागत न्हाई.
भक्ती म्हणली, त्याला तलवार दे, लढल्याबिगर त्याची लेव्हल वाढत न्हाई. म्हणलं, हात कापून घेईल.
लांडगे आठ मारले. आठी मीच.

१४ जानेवारी, संक्रांत
राक्षस बाकी. सण मधी आला, माझी चूक न्हाई.
गोपाळला तिळगूळ कुरिअर केलता. पोचला असं मोबाईलवर आलं. खाल्ला का, ते आलं न्हाई.
नवी तारीख : रविवार.

१७ जानेवारी, दुपार
औषधाच्या बाटल्या सत्तेचाळीस. सगळ्या पारूच्या झोळीत. गोपाळकडं एकबी दिली न्हाई, तो सांडून ठेवील. मीबी पीत न्हाई. पारू अर्ध्या जिवावर लंगडत चालायली, पण बियाण्याच्या ज्वारीसारखं हात लावायचा न्हाई म्हंजे न्हाई. पुढं गोपाळला लागतील.

१८ जानेवारी, रविवार
सकाळी : खेळ सोपा करायची सोय हाय म्हणं. असली लाचारी मला नको.
संध्याकाळी : सोपा केला. डोळ्यांला तरास व्हायलाय म्हणून.

२० जानेवारी
भक्ती खोचकच. म्हणली, मामा का बोलत न्हाई, ठावं हाय ना तुला? ठावं हाय की. मी त्याच्या सायबाला फोन केला, गोपाळला नाईट देऊ नका, लहानपणापासून छाती भरती त्याची. सगळं हापिस हसलं म्हणं. मे महिन्यात पिंगळी स्टेशनावर गाडीत चढताना म्हणला, आई, मी चौतीस वर्षांचा हाय. म्हणलं, मग मफलर कुठं हाय?
काय चुकलं? नाईट बंद झाली का न्हाई? झाली.

२२ जानेवारी
तीनदा मेले. हुरड्याला गेले न्हाई, गुडघ्याचं निमित्त सांगितलं. भाकर करपली. ह्यांनी गपगुमान खाल्ली आन विचारलं, मेला का राक्षस? म्हणलं, न्हाई. म्हणले, मग वरण तरी जित्तं ठेव.
आता मागं हटायचं न्हाई. राक्षस मेला न्हाई तर फोटू कशाचा पाठवू? आन फोटूबिगर बोलायला दुसरं हाय काय माझ्याकडं?

२५ जानेवारी, सकाळ
राक्षसापाशी पोचले. बाटल्या एक्याण्णव.
पारू पडली.
पडलेल्याची झोळी उघडत न्हाई. एक्याण्णव बाटल्या तिच्या अंगाखाली. गोपाळ एकला उभा. लेव्हल दोन. हातात काय न्हाई. खेळ त्याला विचारायलाय : लढायचं का पळायचं? पळायलाबी शिकवलं नव्हतं मी.
एका फटक्यात गेला.
म्हणलं, नवा करायच्या नादात लोकांनी खेळ बिघडवला. भक्ती चहा ठेवायला उठली. तिनं बोलायला पायजे होतं.

२६ जानेवारी
पहिल्यापासून लावला. गोपाळ पुढं. तलवार दिली, गड्यानं आपलं आपण लढायची सोय हाय ती चालू केली. निम्म्या बाटल्या दिल्या. लांडग्यानं त्याला दोनदा पाडलं. मी हात मांडीखाली दाबून बसले. तिसऱ्यांदा लांडगा पडला. मी बोटबी लावलं नव्हतं.
राक्षस लय लांब हाय. माझ्यानं व्हायचा न्हाई.
फोटू पाठवला. एक मेलेला लांडगा, शेजारी गोपाळ. खाली काय लिवलं न्हाई. लिवलं आसतं तर सल्लाच लिवला आसता.
निळ्या खुणा आल्या.
मोबाईल भक्तीकडं देऊन ठेवलाय. वाजला तर तिनंच उचलायचा. मी उचलला तर मफलरचं विचारीन.