भाववाचक नामांचं काय करायचं

३ फेब्रुवारी

आज डॉक्टरांनी अखेर त्या प्रकाराचं नाव सांगितलं. लांबलचक आहे, लिहीत नाही. अर्थ एवढाच – मास्तरांना खुर्ची म्हणता येतं, चहा म्हणता येतं, चावी, चप्पल, माझं नावसुद्धा. ज्याला हात लावता येत नाही त्याचं नाव मात्र तोंडातून येत नाही. कळतं सगळं. वाचतात, ऐकतात, मान डोलावतात. पण डॉक्टरांनी विचारलं, 'कसली भीती वाटते का?' – तर उत्तर आलं, 'जिना. अंधार. जिना.' भीती हा शब्द काही केल्या येईना.

म्हणजे भाववाचक नामं गेली. रक्ताची गुठळी कुठेशी अडकली आणि नेमकी तीच घेऊन गेली. आणि कुणाची? ज्याने जन्मभर स्पॅनिशमधली भाववाचक नामं हाताला धरून इंग्रजीत नेऊन पोचवली, त्याची! दैव खवचट असावं तरी किती.

(लग्नाआधीपासून मी यांना मास्तर म्हणते. एक दिवस शाळेत शिकवलेलं नाही. पण दुकानाच्या पाटीतलीसुद्धा चूक काढल्याशिवाय पुढे जायचे नाहीत.)

बाहेर आल्यावर मला रडू आवरेना. मास्तरांनी पाठीवर हात ठेवला, खिसा चाचपला आणि म्हणाले, "रुमाल."

४ फेब्रुवारी

लेकीचा फोन. बाबा कसे आहेत विचारलं. मी म्हटलं, सध्या फक्त पदार्थवाचक आहेत. हसली. मग मीही.

९ फेब्रुवारी

प्रकाशकांकडच्या संपादकबाई येऊन गेल्या. मास्तरांच्या हातातलं पुस्तक अर्धंमुर्धं राहिलंय. एका म्हाताऱ्या लेखिकेचे छोटे निबंध, प्रत्येक निबंध एकाच शब्दावर. धीर, लाज, आशा, असे. एकही शब्द हात लावण्यासारखा नाही!

बाई फार सांभाळून बोलल्या. उरलेलं दुसऱ्या अनुवादकाला देऊ, पहिलं नाव यांचंच राहील, काळजी करू नका. मास्तर खाली बघून ऐकत होते. मग भिंतीला धरत आत गेले, पुस्तक आणि कागदांचा गठ्ठा आणला आणि माझ्या मांडीवर ठेवला. बाईंना म्हणाले, "ही."

मी! मी आयुष्यभर पंप, फ्रिज आणि लिफ्टची माहितीपुस्तकं स्पॅनिशमधून इंग्रजीत केली. 'झाकण उघडण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करावा.' माझ्या भाषांतरात आजवर एकच भावना आलेली आहे – 'सावधान'. तसं मी बाईंना सांगितलंही. त्या हसल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत. नमुन्यादाखल एक निबंध पाठवा, मग ठरवू म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी मास्तरांवर चिडले. उगाच भरीला घातलंत, माझी फजिती होणार, आणि तुमच्या नावालाही बट्टा. मास्तर शांतपणे म्हणाले, "पेन्सिल." आणि स्वतःची दिली.

१२ फेब्रुवारी

पहिला शब्द – सोलेदाद. आणि पहिल्याच घासाला खडा. स्पॅनिशमध्ये एकच शब्द, इंग्रजीत दोन. माणूस आपखुशीने एकटा बसला तर सॉलिट्यूड, आणि एकटेपणा खायला उठला तर लोनलीनेस. लेखिकाबाई एकाच पानावर या टोकाकडून त्या टोकाला जातात आणि शब्द काही बदलत नाहीत. कुठे कुठला घालू? सकाळभर तीन ओळी लिहिल्या आणि खोडल्या.

शेवटी मास्तरांना विचारलं. बिचारे तोंड उघडायचे, मिटायचे. कपाळावर घाम आला. विचारल्याचं मलाच वाईट वाटलं. तेवढ्यात ते उठले. जेवणाच्या टेबलापाशी एक खुर्ची ठेवली, बाकीच्या ढकलून दिल्या. त्या खुर्चीत आरामात बसले, पाय पसरले, हातात पुस्तक घेतल्यासारखं केलं. म्हणाले, "एक खुर्ची."

मग उठून माझी खुर्ची समोर आणली. परत बसले. माझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. "दोन खुर्च्या."

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि जरा वेळ तिथेच उभी राहिले. मग येऊन पान एकटाकी लिहून काढलं.

१५ फेब्रुवारी

मास्तरांची पेन्सिल दिवसभर एकाच गोष्टीवर आपटत होती. स्पॅनिशमध्ये प्रत्येक भाववाचक नामापुढे 'ला' नाहीतर 'एल' लागतंच, आणि मी प्रत्येक ठिकाणी इमानेइतबारे 'द' घातला होता. द पेशन्स, द होप, द शेम. पंपांच्या सवयी! द व्हॉल्व्ह, द नॉब. इंग्रजीत 'द होप' म्हटलं की लोक विचारणार, कुठली? काल आणून ठेवलेली?

एकेक 'द' खोडताना मास्तर गालात हसत होते. आपल्या मराठीत ही भानगडच नाही. धीर म्हटलं की धीर.

१९ फेब्रुवारी

दोघांनाही सर्दी. काम नाही.

२२ फेब्रुवारी

इलुसिओन. दिसायला इंग्रजी इल्यूजनचा जुळा भाऊ, पण इंग्रजीतला म्हणजे भ्रम, आणि हा चांगला सज्जन. पुढे काही छान घडणार म्हणून आतून जे उचंबळतं ते. मराठीत मी त्याला हुरूप म्हणेन, हौस म्हणेन. इंग्रजीत? होप पाणचट वाटतं, एक्साइटमेंट फार उड्या मारतं.

मास्तरांनी माळ्याकडे बोट दाखवलं. "बॅग." बॅग काढली. त्यांनी ती दारापाशी उभी केली, तिच्यावर माझी शाल घडी करून ठेवली आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. प्रवासाच्या आदल्या दिवशीचं घर!

शब्द एकच असा सापडलाच नाही. मग मी शब्दाचा नाद सोडला आणि सबंध वाक्यच फिरवलं – लेखिकाबाईंना त्या दिवसाच्या आधीच तो दिवस लागला होता, अशा अर्थाचं. वाचून दाखवल्यावर मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. एकही खूण नाही. माझ्या वाक्यावर!

बॅग तशीच दारात राहिली. तळमजल्यावरचे निवृत्त बसड्रायव्हर मास्तरांना आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपीला घेऊन जातात, ते बॅग बघून चपापले. "वहिनी, कुठं निघालात का?"

२७ फेब्रुवारी

नमुना पाठवला.

६ मार्च

संपादकबाईंचा फोन. निबंध आवडला. पुस्तक आमच्याकडेच राहणार. एकच प्रश्न विचारला – यात मास्तरांचं किती आणि तुमचं किती? मी म्हटलं, खुर्च्या त्यांच्या, वाक्यं माझी. त्यांना काही कळलं नाही, पण पुढे विचारलं नाही.

लेकीला कळवलं. ती म्हणाली, "आई, बाबा तर मला नेहमी सांगायचे, तुझ्या आईचा कान माझ्यापेक्षा तयार आहे. फक्त ती पंप सोडत नाही."

मला हे कधी बोलले नाहीत.

१४ मार्च

देसेंगान्यो. इंग्रजी कोशात बघितलं की नुसती निराशा हाती लागते. पण बाई लिहितात ते वेगळं – फसवणूक संपून डोळे उघडतात, दुखतं, पण दिसायला लागतं. मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला, मला नीट निरखून बघितलं आणि मोठा उसासा टाकला.

मी म्हटलं, "एवढी वर्षं संसार केल्यावर?"

हसता हसता त्यांना ठसका लागला. आजारपणानंतर असे पहिल्यांदाच हसले.

२० मार्च

आज मन कडू आहे. संध्याकाळी मी सहज विचारलं, या सगळ्याचं तुम्हाला काय वाटतं? पुस्तकाचं नाही, तुमचं. मास्तरांनी खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाले, "दार." एवढंच. उघडं की बंद, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं का? हात धरून बसलो. दिवा लावायचाही राहिला.

२ एप्रिल

वेर्ग्वेन्सा. लाजही तीच, शरमही तीच, चारचौघांत पाय घसरून पडल्यावर वाटतं तेही तेच. आपल्या 'लाज' या शब्दाची सख्खी बहीण. इंग्रजांनी मात्र तिची तीन घरांत वाटणी केलीय. मास्तरांना हाक मारली तर पेपर तोंडावर घेऊन झोपलेले. दोनदा हलवलं. ढिम्म.

मग एकटीनेच बसले. पहिल्यांदाच. बाईंच्या लहानपणीच्या प्रसंगाला एक शब्द घातला, लग्नाच्या प्रसंगाला दुसरा, आईच्या मरणाच्या वेळच्या भांडणाला तिसरा. आणि निबंधाच्या शेवटी एक वाक्य – हे तिन्ही माझ्यासाठी एकच होतं – असं काही तरी बाईंनी लिहिलंच होतं, ते आता जास्तच उठून दिसलं.

पूर्ण झाल्यावर मोठ्याने वाचलं. मग पेपर खाली आला. डोळे ओले. झोप कसली! मास्तरांनी माझा कान धरून हळूच हलवला आणि पुन्हा पेपरामागे गेले.

११ एप्रिल

एकच निबंध उरला. हुरहूर लागलीय. पंपांचं एक काम आलं होतं, नको म्हणून कळवलं. मास्तरांना सांगितलं. म्हणाले, "साखर." म्हणजे तोंड गोड कर.

१६ एप्रिल

औषधांच्या दुकानात स्पीच थेरपिस्ट भेटली. म्हणाली, सरांनी कमाल केली. मार्चच्या सुरुवातीपासून एकेक शब्द परत यायला लागला, आता जरा सावकाश, पण सगळं बोलतात. "काल त्यांनी मला कृतज्ञता आणि उपकार यातला फरक समजावून दिला. वर माझीच चूक काढली. घरी तर किती बोलत असतील ना?"

मी म्हटलं, "खूप."

बाहेर पायरीवर बसले. आधी राग आला. मार्चच्या सुरुवातीपासून! मग एकेक दिवस मागे जाऊन मोजायला लागले – चष्मा, पेपर, साखर – आणि हसू आवरेना. येणारे जाणारे बघत होते.

घरी आले. शेवटचा शब्द – कोम्प्लिसिदाद. इंग्रजीत त्याचा जुळा गुन्ह्यातल्या साथीदाराखेरीज कुणाला लागू होत नाही. स्पॅनिशमध्ये मात्र दोन माणसं न बोलता एकमेकांना सामील असतात, तेही हेच. मास्तरांपुढे कागद ठेवला आणि अगदी गरीब चेहरा करून विचारलं, "मास्तर, मला काही सुचत नाहीये. याला काय म्हणू हो?"

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. तोंड उघडलं, मिटलं. फार कष्टाने म्हणाले, "चहा. दोन कप."

मी मान डोलावली आणि तसंच लिहून घेतलं.