कंपनीला शिकवलेला धडा

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी १०.२०
डिझाइनच्या सॉफ्टवेअरवाल्या कंपनीने पुन्हा दर वाढवले. कळवलं कधी? पैसे कापून घेतल्यावर. ईमेलचा मथळा : ‘तुमच्यासाठी आनंदाची बातमी’. आनंद असा, की आता अक्षरं उडवता येणार. मी व्हिजिटिंग कार्डं आणि बॉक्स छापतो. कार्डावरची अक्षरं उडून जाणार कुठे?
पूर्वी सॉफ्टवेअर एकदा घेतलं की मरेपर्यंत आपलं. आता कात्री घरात, पण दर महिन्याला कात्रीवाल्याचा हात ओला केल्याशिवाय ती उघडत नाही. बस्स. आता कंपनी तरी राहील, नाहीतर मी.

११.००
बायकोला सांगितलं, सबस्क्रिप्शन बंद करतोय. काउंटरवरून मान वर न करता म्हणाली, आधी बेकरीवाल्या बाईंचे बॉक्स करा. बाई तिसरी शाखा काढतायत. बॉक्स, बोर्ड, लेबलं, सगळं. हे काम मिळालं तर दुकान तरलं. नाहीतर वडिलांचा हा गाळा भाड्याने द्यायचा आणि मी दादाच्या टायरच्या दुकानात बसायचं, असं दादाने आणि हिने ठरवलंय. ठरलं तेव्हा मी तिथेच होतो.

४ फेब्रुवारी, मंगळवार
बंद केलं! चार वेळा विचारलं, नक्की ना? शेवटी रडका चेहरा दाखवला. बघून बरं वाटलं. जाण्याचं कारण विचारलं म्हणून सविस्तर लिहायला घेतलं, तर चौकटीत दोनशेच अक्षरं मावतात. उरलेली साडेतीन पानं वहीत आहेत. कधीतरी कोर्टात उपयोगी पडतील.
मग चॅटवर त्यांच्या मदतनीस बाईला धारेवर धरलं. पाऊण तासात अकरा वेळा माफी मागितली तिने. ही म्हणते, ते यंत्र आहे. यंत्र असून घाबरलं, हे विशेष.

५ फेब्रुवारी, बुधवार
बेकरीच्या बॉक्सची फाइल उघडत नाही. कुठलीच फाइल उघडत नाही. सगळ्यांवर कुलपाचं चित्र. खाली लिहिलंय, ‘तुमच्या फाइल्स सुरक्षित आहेत’. कोणापासून? माझ्यापासून!
बेकरीवाल्या बाईंचा फोन. नमुना कधी दाखवताय? म्हटलं, शेवटचा हात फिरवतोय.

६ फेब्रुवारी, गुरुवार
मेहुण्याने फुकटातलं एक सॉफ्टवेअर टाकून दिलं. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे जिभेला हाड नाही. जाताना म्हणाला, भावजी, एका महिन्याचे पैसे भरून फाइल्स काढून का नाही घेतल्या? तत्त्व नावाची चीज त्याला कळणार नाही.
बॉक्स नव्याने काढला, नमुना कापला. झाकण मोठं, बूड लहान. ही म्हणाली, केक ठेवायचाय का टोपी? पुन्हा करतो म्हटलं. पण आधी सूड. मन शांत असल्याशिवाय मापं नीट येत नाहीत.

८ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी १२.००
सुचलं! रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानात कंपनीच्या विरोधात पोस्टर. फुकटातल्या सॉफ्टवेअरमध्ये ‘लूट’ हा शब्द काही उठून दिसेना. म्हणून हिच्या नावाने त्याच कंपनीत नवं खातं उघडलं. सात दिवस फुकट. काट्याने काटा काढायचा.
ही म्हणाली, सात दिवस मिळालेत तर बॉक्स करा. बॉक्स सोमवारपासून. नक्की.

४.३०
पोस्टर झालं. ‘छोट्या धंदेवाल्यांनो, लुटले जाताय!’ काय रंग, काय अक्षर! फक्त एक मेख. फुकट खात्यातल्या कागदावर खाली स्कॅन करायचा चौकोन येतो. शेजारी ओळ : ‘हे इथेच बनवलंय. तुम्हीही बनवा.’ काढता येत नाही. आधी पित्त खवळलं. मग डोकं चालवलं. राहू दे! लोकांना चोराचा पत्ता आयता मिळेल. स्कॅन करतील आणि थेट शिव्या घालतील. काढता येत नाही, पण मोठा करता येतो. तिप्पट केला.

१० फेब्रुवारी, सोमवार
साठ पोस्टरं लावली. टेलर, सलूनवाला, लाँड्री, औषधवाला. टेलर पाच मिनिटं नुसता बघत राहिला. गळ्यातली टेप काढायचंही भान नव्हतं. अशी अक्षरं कशात होतात, विचारलं. मी लुटीचा सगळा इतिहास सांगितला. तो मान डोलवत होता.
बेकरीवाल्या बाईंनी स्वतःहून एक मागून घेतलं. बाई जाग्या झाल्या.

१२ फेब्रुवारी, बुधवार
सलूनवाल्याने माझ्यासमोर स्कॅन केलं. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीत बसलेलं, तरी हा मोबाइलमध्ये. टेलरही सकाळपासून मान खाली घालून टाइप करतोय. जनता पेटली आहे. कंपनीचे दिवस भरले.
बॉक्स उद्या. बाईंचे परवा दोन फोन येऊन गेले, काल आणि आज एकही नाही. समजूतदार बाई.

१५ फेब्रुवारी, शनिवार
फुकटचे सात दिवस संपले. बॉक्स राहिला.
सलूनवर नवा बोर्ड. टेलरकडे नवं दरपत्रक, काच लावून. दोन्ही मी केलेली नाहीत. सलूनवाल्याला गाठलं. म्हणाला, दादा, उपकार झाले तुमचे, आता आमचं आम्हीच करतो. मी म्हटलं, अरे बाबा, पोस्टर विरोधात होतं! म्हणाला, वाचलं नाही हो, पण दिसायला झकास होतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार
काल हिने पट्टी घेऊन स्वतः मापं काढली आणि पुठ्ठ्याचा बॉक्स हाताने कापून दिला. एकदम बरोबर. तो घेऊन बेकरीत गेलो. बाईंनी त्यांचे बॉक्स दाखवले. बोर्ड, लेबलं, सगळं तयार. भाचीला घेऊन दोन दुपारींत केलं म्हणे. झाकण घट्ट बसतं. मी तीनदा लावून पाहिलं.
बाई म्हणाल्या, तुम्ही फोन उचलेनात, शेवटी तुमच्याच पोस्टरवरून केलं, भाऊ. केकचा मोठा तुकडा दिला. खाल्ला. राग अन्नावर काढू नये.
हिला सांगितलं. पट्टी ड्रॉवरमध्ये ठेवून दिली तिने.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
कंपनीचं ईमेल. ‘अभिनंदन! तुमच्या पोस्टरमुळे एकतीस नवे ग्राहक मिळाले. बक्षीस म्हणून एक वर्ष मोफत.’ थुंकतो अशा बक्षिसावर. बाणेदार नकार लिहायला बसलो. पण खातं हिच्या नावावर. हिने ‘स्वीकारा’ दाबून टाकलं.
एका अर्थी बरोबरच आहे. वर्षभर कंपनीला माझ्याकडून छदाम मिळणार नाही. तडफडत असतील.

१ मार्च, शनिवार. दुपारी १.००
मोफत वर्षातलं पहिलं काम पूर्ण. ‘गाळा भाड्याने देणे आहे.’ निळ्यावर पांढरं. ही म्हणाली, फोन नंबर मोठा करा. केला. दादाने सोमवारी नऊला बोलावलंय, जुने कपडे घालून.
बोर्ड मात्र देखणा झालाय. सकाळपासून तिघे जण थांबून बघत उभे राहिले. रंगसंगती समजावून सांगायला मी तिन्ही वेळा बाहेर गेलो. तिघांनीही भाडं विचारलं.