गच्चीवरचा खांब आणि संभाजीने मानलेले आभार

मी, डॉ. मुमताज हुसेन तांबोळी, वय ७१, निवृत्त प्राध्यापिका, राहणार कर्वेनगर, पुणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहिते आहे. डोके ठिकाणावर आहे; डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. शंका असणाऱ्यांनी तो वाचावा आणि आपापल्या घरी जावे.

१. शरीयतीप्रमाणे एक तृतीयांशापुरतीच माझी मर्जी चालते. बाकी सारे बहीण खातून व पुतण्या रियाज यांचे. भांडू नये.

२. माझ्या तृतीयांशातून गच्ची व तिच्यावरचा काँक्रीटचा खांब माझी शेवटची विद्यार्थिनी मैना हिला द्यावा. त्या खांबावरची अँटेना उपग्रहांचे संदेश घेते. त्यावरून जमीन किती सरकली, किती खचली हे कळते. खांब थेट खालच्या खडकापासून वर आणला आहे. त्यापायी घरातली एक खोली गेली. अब्बा म्हणायचे, पोरीने खांब बांधला आणि उरलेल्या जागेत राहायला गेली. खांबाला टेकून पापड वाळवू नयेत.

३. डॉ. संभाजी बराटे यांस काहीही देऊ नये. माझा जुना विद्यार्थी; वारज्याहून सायकलवर यायचा, आमच्याकडेच जेवायचा. अम्मी त्याला शीरखुर्मा रियाजच्या आधी वाढायची. माझी सगळी मोजमापे त्याने शोधनिबंध करून एकट्याच्या नावावर छापली. शेवटी एक ओळ: ‘गच्ची उपलब्ध करून दिल्याबद्दल श्रीमती तांबोळी यांचे आभार.’ श्रीमती! मी जाब विचारला, तर खाली मान घालून म्हणाला, “मॅडम, आता या वयात तुम्हाला नावाचं काय करायचंय?” मला ते फार लागले. अजून लागते.

४. आता त्या निबंधाविषयी. अँटेना बदलली तेव्हा मी इस्पितळात होते, म्हणून तिची उंची संभाजीने मोजली. टेप खांबावरच्या खुणेपासून अँटेनाच्या कडेपर्यंत तिरकी धरली आणि तो आकडा सरळ उभ्या उंचीचा म्हणून भरला. तिरके अंतर नेहमी जास्तच भरते. जमिनीची पातळी काढताना अँटेनाच्या पातळीतून ही उंची वजा करतात; त्यामुळे खालची जमीन हिशेबात आपोआप खाली गेली, आणि ‘पुणे खचतेय’ असे वर्तमानपत्रांत झळकले. पुणे आहे तिथेच आहे. मी त्याच्या संस्थेला कळवले. उत्तर आले, या संशोधनाशी आपला संबंध काय? संबंध त्यांनीच पुसला होता, मग मी काय दाखवणार?

५. माझ्या माघारी ही चूक खरी म्हणून राहील, एवढीच भीती आहे. म्हणून कलम ३ एका बाबतीत सैल करते. माझी पोलादी टेप संभाजीला द्यावी. त्याने गच्चीवर यावे, मैनासमोर उंची सरळ मोजावी आणि दुरुस्ती स्वतःच्याच नावाने छापावी. मैनाने त्याला चहा द्यावा. आमच्या घरी तशी पद्धत आहे.

६. त्या दुरुस्तीत माझे आभार मानू नयेत.

वरील मजकूर मी वाचून, समजून सही केली.

सही: मुमताज हुसेन तांबोळी
साक्षीदार: १. दत्तोबा मोकाटे, शेजारी २. शकील बागवान, वकील
पुणे, ९ ऑगस्ट २०११